लाईन आल्यावर

माय,

तुझ्याशी मी कधी अशा पुस्तकी भाषेत बोलले नाही. तू असतीस आणि मी हे तुला वाचून दाखवलं असतं, तर पहिल्याच ओळीला तू म्हणाली असतीस, "मास्तरनीवानी काऊन बोलून राह्यली?" पण कागद समोर घेतला की माझा हात शाळेत शिकवल्यासारखाच चालतो, त्याला इलाज नाही. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी तुला कधी काही लिहिलं नाही. आयटीआयला ब्रह्मपुरीत राहायचे तेव्हाही सावली तालुक्यात, आपल्या गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी निरोप द्यायचे, आणि तो निरोप तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं भलतंच काही झालेलं असायचं. मला ताप आला असं मी कळवलं की तू पेज करायचं भांडं घेऊनच जीपमध्ये बसायचीस. आज लिहायला बसले, कारण मधे एक काम केलं आणि ते करताना तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावं असं वाटलं नाही.

काम गडचिरोलीकडच्या एका माहेरघराचं होतं. तुझ्या वेळी असं काही नव्हतं, म्हणून सांगते. जंगलातल्या ज्या गावांतून पावसाळ्यात नाला भरला की बाहेर निघता येत नाही, तिथल्या बाया दिवस भरत आले की दवाखान्याला लागून बांधलेल्या या घरात येऊन राहतात. सोबत सासू येते किंवा आई, मागचं लेकरू लहान असेल तर तेही. चुलीवर रांधतात, अंगणात धुणं वाळत घालतात, दुपारी ओट्यावर पाय पसरून बसतात. कळा सुरू झाल्या की समोरच्या इमारतीतल्या बाळंतपणाच्या खोलीत जायचं. दोन्हींच्या मधे एक लांब पायवाट आहे, करंजाच्या झाडांखालून जाणारी. ओटा, अंगण, पायवाट आणि वॉर्ड यांचे दिवे सगळे एकाच डब्यातून चालतात. एक बटण सिस्टरच्या टेबलाजवळ आणि एक माहेरघराच्या दाराशी. असं दोन ठिकाणांहून एवढे दिवे चालू-बंद करायचे म्हटल्यावर मधे कॉन्टॅक्टर बसवावा लागतो.

कॉन्टॅक्टर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझ्या धानाच्या गिरणीतल्या खांबावर तो काळा डबा होता ना, हिरवं बटण दाबलं की आतून खट् व्हायचं आणि पट्टा फिरायला लागायचा, तोच. बटण दाबल्यावर आतल्या कॉइलमध्ये विजेची लाईन जाते, तिचं लोहचुंबक होतं, ते लोखंडाची पट्टी ओढून धरतं आणि मोठी लाईन जोडली जाते. लाईन गेली की चुंबक मरतं आणि पकड सुटते. मग लाईन परत आली तरी माणसानं बटण दाबल्याशिवाय यंत्र हलत नाही. एवढंसं आहे ते. पण एवढंसं नीट चालू दिलं असतं, तर तुझा उजवा हात शेवटपर्यंत तुझाच राहिला असता.

त्या दिवसाचं आपण दोघी फार बोललो नाही. मी शाळेतून आले तर घराला कडी होती आणि ओट्यावर शेजारची काकू बसलेली. ती म्हणाली, "बाबा येतेत, तू माह्या घरी जेव." मी जेवले. भात आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा होता, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतला, हे मला अजून आठवतं. तू तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात होतीस. गिरणीत व्होल्टेज इतकं कमी यायचं की कॉन्टॅक्टरची पकड सारखी सुटायची. दर थोड्या वेळानं गिरणी बंद, धानाच्या गाड्या दारात उभ्या. म्हणून गिरणी चालवणाऱ्या काकानं डब्याचं झाकण काढून त्या पट्टीच्या फटीत लाकडाची पाचर ठोकून दिली होती. आता पट्टी सुटायची नाही, लाईन असो नसो. त्या दिवशी लाईन गेली, यंत्र थांबलं आणि तू पट्ट्याजवळ अडकलेला कोंडा काढायला हात घातलास. लाईन आली. कुणी बटण दाबलं नाही, कुणी ओरडून सांगितलं नाही. यंत्र आपलं आपणच फिरलं. दोन बोटं तिथंच गेली, तिसरं पुढं कधी वाकलं नाही.

तू घरी आलीस ती डाव्या हातानं भात कालवायला शिकूनच. बाबा पहाटे जाळं घेऊन तलावावर जायचे, आणि मासोळी साफ करायचं काम मी घेतलं, कारण तुला विळीवर धरता येईना. तू समोर बसून सांगायचीस, "खवलं उलटी काढ, अशी नाई, शेपटाकडून." मला वाटायचं तू रडत का नाहीस. एकदाच रडलीस, माझी वेणी घालायला घेतली आणि पेड सुटून सुटून जात होते तेव्हा. त्यानंतर बाबांनी वेणी घालायला शिकून घेतलं. माझ्या वर्गातल्या पोरींना सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण त्यांच्यापेक्षा माझी वेणी घट्ट असायची. जाळ्याच्या गाठी बांधणाऱ्याच्या हातची ती.

दहावीनंतर मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं तू नाही म्हणशील. तू आठवडी बाजारातून येताना कॅनव्हासचे बूट घेऊन आलीस, पोरांचे, पांढरे, जाड रबरी तळाचे, आणि माझ्या पायाला दोन बोटं मोठे. "रबर हाय खाली," तू म्हणालीस, "करंट नाई लागत म्हन्ते. घालून ठेवत जाय, झोपतानीच काढजो." मी पुढं कापडाच्या चिंध्या कोंबून ते वापरले. वर्कशॉपमधली पोरं हसायची. मीही त्यांच्याबरोबर हसले, पण काढले नाहीत.

आणि तिथंच, वर्कशॉपच्या टेबलावर, मी पहिल्यांदा कॉन्टॅक्टर उघडला. आत काय आहे ते पाहिलं आणि मला कळलं की तुझ्यासोबत नेमकं काय झालं होतं. तोवर मला वाटायचं यंत्रानं हात ओढला, नशीब. त्या शनिवारी मी घरी आले ती तणतणतच. तू चुलीपुढं होतीस, लाखोळीची डाळ रटरटत होती. मी दप्तरही न ठेवता सांगितलं, "माय, यंत्रानं नाई झालं. काकानं पच्चर लावली होती. ते नसती तर लाईन आल्यावर गिरणी सुरूच नसती झाली. त्या मानसानं तुहा हात खाल्ला."

तू डाळ ढवळत राहिलीस. मग म्हणालीस, "मले मालूम हाय."

"तुले मालूम हाय?"

"मी रोजच पाहो ते. सगळ्या बाया पाहो. पच्चर काढली का गिरनी बंद, गिरनी बंद का रोजी बंद. आमीच म्हनलो का राहू द्या." तू माझ्याकडं वळलीस. इतक्या कडक आवाजात तू मला आधी कधी बोलली नव्हतीस. "त्यानंच मले खांद्यावर घालून रोडपर्यंत नेलं. रडत होता तो, मी नाई. त्याच्या दारात जाऊन असं काई बोलली, त मह्याशी बोलजो नोको."

मी गेले नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी गाठ मारून ठेवली, आणि पुढं माझं लायसन आलं, ब्रह्मपुरीत दुकान झालं, धानाच्या गिरण्या, आरा मशिनी, विटांच्या भट्ट्या अशी कामं मिळत गेली तेव्हा ती कधी सोडली नाही. लाईन गेली की सुटलं पाहिजे, आणि आली की माणसाचा हात लागल्याशिवाय काहीही चालू होता कामा नये. लोक म्हणायचे, "बाई, हे दरवेळी जाऊन बटन दाबायची कटकट काऊन ठेवता?" मी ऐकायचे नाही. व्होल्टेजची तक्रार असेल तर त्यावर दुसरा उपाय करून देते, मी म्हणायचे, पण हे असंच राहणार. लायसन आलेलं तू पाहिलंस. दुकान पाहायला राहिली नाहीस.

तर, माहेरघर. मी गेले तेव्हा तिथल्या डब्यात जुना, नेहमीचाच कॉन्टॅक्टर होता आणि तो जोरात गुणगुणत होता. पट्टीवर गंज धरला, धूळ बसली की असं होतं. डबा होता नेमका एका खाटेच्या डोक्याशी भिंतीवर. त्या खाटेवर एक तरुण बाई होती, पहिलटकरीण, आणि ती खाटेवर न झोपता खाली चटईवर झोपायची. तिची सासू मला डब्याकडे बोट दाखवून तोडक्या मराठीत म्हणाली, "यात मोहोळ हाय का बाई? ते डरते." मला हसू आलं, पण ती पोरगी खरोखरच त्या डब्याकडे पाठ करत नव्हती. मी झाकण उघडून तिला आत दाखवलं. तिनं लांबूनच पाहिलं, सासूशी गोंडीत काही बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते मला कळलं नाही. खाटेवर मात्र ती तरीही झोपली नाही.

सिस्टर मोठी धडाडीची बाई. तिला गुणगुण नको होती, आणि दुसरं काही हवं होतं. "लाईन दिवसातून कितीदा जाते ते तुमाले मालूमच हाय," ती म्हणाली. "आली का आजूबाजूचे सगळे लाईट येते, आमचे नाई येत. कोनीतरी जाऊन बटन दाबा लागते. मी आतमधी बाळंतपनात हात घालून उभी, मी बटन दाबाले येऊ का?"

यावर उपाय आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या प्रकारचा कॉन्टॅक्टर मिळतो, लॅचिंग म्हणतात. त्याला बटणाचा एक झटका पुरतो, मग आतला खटका अडकतो आणि तसाच अडकून राहतो. कॉइलला सतत लाईन लागत नाही, म्हणून तो गुणगुणत नाही, तापत नाही. आणि लाईन गेली तरी तो जिथल्या तिथं जोडलेलाच. लाईन आली की दिवे आपले आपण लागतात. नागपूरहून मागवावा लागतो, एवढंच. मी दोन्ही प्रकारांचे लहान नमुने दुकानातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. लॅचिंगवाला हातात घेऊन अंगठ्यानं दाबला. खट् करून बसला, आणि अंगठा काढला तरी सुटला नाही. माय, मी तो पटकन खाली ठेवला. ती पाचरच होती. आता कंपनीनंच आत घालून दिलेली.

मी सिस्टरला फोन करून सांगितलं, नवा बसवते, गुणगुण बंद होईल, पण बटण दाबावं लागेल. आपोआप काही चालू होणारं मी बसवत नाही. ती म्हणाली, "एक दिवस इथी संध्याकाळी येऊन तं पहा."

म्हणून गेले, मापं घ्यायची राहिली होती तीही घेता येतील म्हणून. दिवस बुडत होता. ओट्यावर बाया भाजी निवडत होत्या, चुली पेटल्या होत्या. वारं सुटलं आणि लाईन गेली. कुणाला काही वाटलं नाही, रोजचंच ते. तेवढ्यात त्या मोहोळवाल्या पोरीनं चटईवर बसल्या बसल्या कंबर धरली. सासूनं तिला उठवलं आणि दोघी पायवाटेनं समोर निघाल्या. सिस्टर आत दुसऱ्या बाईजवळ होती, तिथं इन्व्हर्टरचा एक दिवा तेवढा दिसत होता. मधेच लाईन आली. रस्त्यापलीकडची घरं उजळली, पानठेल्याचा दिवा लागला, कुणाच्या तरी घरचा टीव्ही ओरडायला लागला. आमचं अंगण तसंच काळं. आणि त्या काळोखातून म्हातारीची हाक आली, शब्द कळले नाहीत पण हाक कळली.

मी दाराशी धावले, बटण दाबलं आणि पायवाटेकडे पळाले. पोरगी करंजाच्या खोडाला मिठी मारून खाली बसली होती. बाजूला कसल्या तरी बांधकामाची गिट्टी पडलेली होती, तिच्यावर पाय पडून ती घसरली होती आणि पुढं पाऊल टाकायला धजत नव्हती. दिवे लागल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. असा धरला, माय, की माझी अंगठी बोटात रुतली. सासूनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तिला चालवत नेलं. वाटेत ती दोनदा थांबली. मी म्हणत होते, "पोचलो, पोचलोच," आणि ती मान हलवत होती.

मग म्हातारी आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. तिनं कोरा चहा करून आणला, माझ्या हातात दिला आणि स्वतः नुसती बसून राहिली. तिथं बसल्या बसल्या मला आपला स्वयंपाकाचा कोपरा आठवला, आणि त्यातला एकुलता एक बल्ब. तुझ्या हाताला झालं त्यानंतरच्या वर्षांतला. रोज संध्याकाळी लोडशेडिंग. मी कंदिलाशी अभ्यास करायचे आणि लाईन आल्यावर तू दचकायचीस. दरवेळी. उजवा हात झटक्यात पदराखाली ओढून घ्यायचीस, जणू अजून तिथं काही आहे. मी एकदा उठून भिंतीवरचं बटण बंद केलं, म्हटलं लाईन आलेली हिला कळणारच नाही. तू ते परत चालू करायला लावलंस.

"राहू दे," म्हणालीस. "लाईन आली का आपल्या मनानं लागन. तुले उठा लागू नाई."

"पन तू डरतं ना?"

"मी डरतो मशिनीले. हा काई कोनाचा हात ओढते का? मले डरू दे थोडी, तुहा अभ्यास होते."

किती वर्षं हे मला आठवलं नव्हतं. पाचर आठवत राहिली, तुझा चुलीपुढचा आवाज आठवत राहिला, आणि हे कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. चहा हातात थंड झाला. रात्र तिथंच सरली. उजाडल्यावर आतून पोरीच्या बाळाचं रडणं आलं तशी म्हातारी ताडकन उठली, आणि मी नागपूरच्या माणसाला फोन लावला, की लॅचिंगवाला पाठवा.

बसवायला गेले तेव्हा डबा खाटेच्या डोक्यावरून काढून बाहेरच्या व्हरांड्यात नेला. दिव्यांना लॅचिंगवाला लावला. अंगणात पाण्याची मोटर आहे, तिला मात्र नेहमीचाच ठेवला, लाईन गेली की सुटणारा. आणि डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, की लाईन गेली तरी हा आतून जोडलेलाच असतो, हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. मेन स्विच डब्याच्या शेजारीच दिला, हात लांब न करता सापडेल असा. तेवढ्यावरही समाधान होईना, म्हणून तिथल्या शिपायाला उभं करून दोनदा करायला लावलं. तो कंटाळला.

सिस्टर विचारत होती, "मोटरले येगळा अन् लाईटले येगळा, असं काऊन?"

"माह्या मायनं सांगितलं," मी म्हटलं.

"तुमची माय बी इलेक्ट्रिकचंच काम करे का?"

"नाई," मी म्हटलं, "गिरनीत होती."

तिला काही उमगलं नाही, पण तिनं मान डोलावली आणि कामाला गेली. ती पोरगी बाळाला घेऊन गावी जायला निघाली होती. मुलगी झाली. तिनं ती माझ्या हातात दिली, जरा वेळ ठेवली आणि परत घेतली. निघताना सासूनं नव्या डब्याला कान लावून पाहिला, आणि आत काहीच वाजत नाही म्हणून माझ्याकडे बघून हसली.

हे सगळं तुला सांगायचं होतं. हा कागद मी पोस्टात टाकणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. अजून एक राहिलं. त्या कामाला आता दिवस झाले, डबा बिनतक्रार चालतो. तरी मी अधूनमधून बस धरून तिकडे जाते आणि सिस्टरला सांगते, तपासणी आहे. झाकण उघडते, लावते. मग बाया म्हणतात, "जेवून जा," आणि मी बसते. अंबाडीची भाजी असते, भात असतो. कुणीतरी ओट्यावर चटई टाकून देतं आणि मी दुपारभर तिथं पडून राहते. तू गेल्यापासून मला कुठं जाऊन असं नुसतं पडायला जागा नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही. तपासण्यासारखं तिथं काही नसतं, माय.